टर्पिन केस: आईबापाने गुन्हा कबूल केला, ते बरं झालं की वाईट?

काजूबोंडू (फोंडा)

नमस्कार मंडळी, खूप दिवसांनी लिहितेय. काल रात्री आमच्या वाड्यावरच्या ग्रुपवर कुणीतरी त्या अमेरिकेतल्या टर्पिन कुटुंबाचा व्हिडिओ टाकला. केस जुनी आहे, जानेवारी २०१८ ची. कॅलिफोर्नियात पेरिस म्हणून एक गाव आहे (फ्रान्सचं पॅरिस नव्हे, मी पण आधी तेच समजले), तिथे डेव्हिड आणि लुईझ टर्पिन या नवराबायकोने स्वतःच्या तेरा मुलांना घरात अक्षरशः कोंडून ठेवलं होतं, धाकटं दोन वर्षांचं आणि मोठी मुलगी एकोणतीस वर्षांची. साखळ्या, कुलपं, वर्षातून एकदा आंघोळ. मनगटाच्या वर हात धुतले तर पाण्यात खेळतोस म्हणून शिक्षा. टेबलावर विकतचे पाय (ते गोड सारण भरलेलं बेकरीतलं) आणून ठेवायचे आणि मुलांनी नुसतं बघायचं, खायचं नाही. हे सगळं एका सतरा वर्षांच्या मुलीमुळे बाहेर आलं, ती पहाटे खिडकीतून पळाली आणि एका बंद पडलेल्या जुन्या मोबाईलवरून ९११ ला फोन केला.

तर २०१९ च्या फेब्रुवारीत दोघांनी चौदा गुन्हे कबूल केले आणि एप्रिलमध्ये शिक्षा झाली, पंचवीस वर्षं ते जन्मठेप. आता ग्रुपवर काय झालं ते सांगते. अर्धे लोक म्हणाले कबूल करून सेटिंग केली, आधी पन्नासेक आरोप होते ते चौदावर आणले. आमचे हे म्हणाले भर चौकात फाशी. आणि सासूबाई, ज्या एरवी अशा गोष्टीत तोंड उघडत नाहीत, त्या म्हणाल्या की कोर्टात मुलांनीच सांगितलं ना आमचं आईबापावर अजून प्रेम आहे, मग तुम्ही कोण लागून गेलात? त्यावर कुणीतरी लिहिलं ‘मुलं ब्रेनवॉश झालीत’ आणि मग जे भांडण लागलं ते अॅडमिनने ग्रुप बंद करेपर्यंत.

मला रात्रभर झोप नाही. माझे प्रश्न दोन. कबूल केलं म्हणजे नेमकं काय, त्यात मुलांचा फायदा की आईबापाचा? आणि मुलं नंतर बरी होतात का हो? म्हणजे खरोखरची बरी?

डिचोलीकर

फाशी. विषय संपला.

वकील_म्हापसा

विषय संपत नाही म्हणून तर कोर्टं आहेत डिचोलीकर 🙂

काजूबोंडू, पहिल्या प्रश्नाचं सांगतो, दुसरा माझा प्रांत नाही. अमेरिकेत नव्वद टक्क्यांहून जास्त शिक्षा या अशा कबुलीनेच होतात, खटला उभा राहणं हाच तिथे अपवाद. त्या केसमध्ये सरकारी वकिलांनी उघड सांगितलं होतं की कबुलीमुळे मुलांना साक्षीला उभं राहावं लागलं नाही. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. खटला चालला असता तर त्या मुलांना एकेक करून पिंजऱ्यात उभं करून विचारलं असतं, तुला साखळी कुठल्या हाताला होती, किती दिवस होती, आणि समोर आईबाप बसलेले. बचावाचा वकील म्हणाला असता तू खोटं बोलतेस. उलटतपासणी म्हणजे काय असतं ते मी रोज बघतो, मोठी धडधाकट माणसं गडबडतात. आणि शिक्षेच्या वेळी बाप ५७ चा, आई ५० ची, निकालाप्रमाणे पंचवीस वर्षांनी पॅरोलला अर्ज फक्त करता येतो, मिळेलच असं नाही. सेटिंग म्हणावी अशी सूट मला तरी त्यात दिसत नाही.

आपल्याकडे मात्र हे जमणार नाही. प्ली बार्गेनिंग, म्हणजे कबुलीच्या बदल्यात शिक्षेत सूट, २००६ पासून आपल्याकडेही आहे, पण ते सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांनाच, आणि बाई किंवा लहान मूल यांच्यावरचा गुन्हा असेल तर मुळीच नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत पण तशीच अट आहे. आरोपी उठून सरळ ‘मी केलं’ म्हणू शकतो, पण त्याच्या बदल्यात सौदा नाही. त्यामुळे इथे कोण कशाला म्हणेल? वकीलच म्हणतो गप्प बस. आणि मग मुलाला साक्ष द्यावीच लागते. कायदा मुलाच्या बाजूने म्हणून केला आणि त्याच कायद्यामुळे मूल कोर्टात येतं, असं हे त्रांगडं. मी काही याचं समर्थन करत नाही, सौद्याची सवय लागली तर पैसेवाले बाप काय करतील ते पण दिसतं मला.

डिचोलीकर

म्हणजे तुमच्या मते आरोपीचे आभार मानायचे? कबूल केलंस बाबा, देव बरें करूं?

वकील_म्हापसा

असं कुठे लिहिलंय मी, परत वाचा.

पेडण्याचा_बाबू

हे सगळं अमेरिकेत होतं भावा. तिथे शेजारी कोण राहतो ते माहीत नसतं. आपल्याकडे सकाळी पोदेर (पाववाला) येतो, मग नुस्तेकान्न (मासेवाली) येते, दुपारी कोणीतरी नारळ पाडायला येतो, संध्याकाळी अख्खा वाडा बलकांवात (घरापुढच्या ओट्यावर) बसलेला. तेरा मुलं घरात कोंडली आणि कोणाला कळलं नाही असं गोव्यात होणं शक्य नाही. चवथीला (गणपतीत) तर झाडून सगळं कुटुंब मूळ घरात येतं, एक पोर कमी दिसलं तरी दहा जण विचारतात.

नर्स_आहे_मी

बाबू, त्यांच्याही शेजाऱ्यांनी बघितलं होतं. रात्री उशिरा मुलं अंगणात गवत लावताना दिसायची, कोणाशी बोलायची नाहीत, नजर द्यायची नाहीत. लोकांना विचित्र वाटलं, पण फोन कुणी केला नाही. आणि फेसबुकवर डिस्नेलँडचे फोटो, सगळ्यांना सारखे टीशर्ट, हसरे चेहरे. दिसत सगळ्यांना असतं हो.

काजूबोंडू, दुसऱ्या प्रश्नाचं थोडंसं मी सांगते, हॉस्पिटलात काम करते म्हणून. शरीर बऱ्यापैकी सावरतं, पण ते सुद्धा वाटतं तितकं सोपं नाही. एवढ्या उपाशी माणसाला एकदम ताटभर जेवण दिलं तर तो दगावू शकतो, खरंच सांगते. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम धाडकन खाली जातं आणि हृदय बंद पडू शकतं. म्हणून थोडं थोडं, रोज रक्त तपासत वाढवायचं. त्या मोठ्या मुलीचं वजन सदतीस किलोच्या आसपास होतं, एकोणतीस वर्षांची बाई हो! बारा वर्षांच्या एका मुलाचं वजन सात वर्षांच्या पोराएवढं. काहींच्या नसा कायमच्या दुखावलेल्या. वाढीच्या वयात जे मिळालं नाही त्यातलं थोडं भरून येतं, काही येत नाही.

आणि त्या पळालेल्या मुलीला पोलिसाने विचारलं कुणी औषध घेतं का, तर तिला औषध म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. हे वाचलं तेव्हा मी ड्युटीवर होते, ट्रे हातात घेऊन तशीच उभी राहिले.

शांत_झरी

ब्रेनवॉश म्हणणाऱ्यांचा मला जास्त राग येतो. मुलांनी ‘आईबापावर प्रेम आहे’ म्हटलं तर ब्रेनवॉश, आणि ‘फाशी द्या’ म्हटलं असतं तर शहाणी झाली असती, होय ना? म्हणजे आपल्याला हवं ते बोलली की बरी झाली. कोर्टात एक मुलगी असंही म्हणाली होती की त्यांनी माझं आयुष्य हिरावून घेतलं, आता मी ते परत घेतेय. दोन्ही एकाच घरातली, त्याच एका दिवशी. एकाच माणसाच्या पोटात पण दोन्ही असू शकतं. माझ्या पोटात आहे. यापेक्षा जास्त लिहिणार नाही.

काजूबोंडू (फोंडा)

शांत_झरी 🙏 लिहिलंत तेवढं पुष्कळ आहे.

मांडवीकाठ

कुणी पुढचं सांगितलंच नाही अजून, ते मी सांगतो कारण माझं डोकं तिथेच फिरलं होतं.

सुटका झाल्यावर जगभरातून पैसे आले, सहा लाख डॉलर जमले. आता वाटेल ना, सुटली पोरं. २०२१ मध्ये अमेरिकन टीव्हीवर मुलाखत झाली त्यात कळलं की मोठ्या भावंडांना त्या पैशाला हातच लावता येत नव्हता. एका भावाने फिरायला सायकल पाहिजे म्हणून विचारलं तर त्याला नाही म्हटलं! ज्यांना आयुष्यभर काय खायचं कधी झोपायचं ते दुसऱ्याने ठरवून दिलं, त्यांना सुटल्यावर पण सायकलसाठी कुठल्या तरी ऑफिसात परवानगी मागायची. आणि त्याहून भयंकर म्हणजे धाकट्यांपैकी सहा जणांना ज्या घरात ठेवलं त्या घरात पुन्हा छळ झाला. होय. पुन्हा. त्या पालक कुटुंबाने पण २०२४ मध्ये गुन्हा कबूल केला, घरच्या पुरुषाला सात वर्षं झाली. काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, त्याआधीच एका माजी न्यायाधीशाच्या फर्मकडून चौकशी करवून घेतली होती, २०२२ मध्ये सहाशेवर पानांचा अहवाल आला, त्यातला बराचसा काळा केलेला.

आता मला सांगा, पहिल्या कबुलीच्या दिवशी जेवढे कॅमेरे होते तेवढे दुसऱ्या कबुलीच्या दिवशी होते का? तुमच्या ग्रुपवर जो व्हिडिओ फिरतोय त्यात हा भाग आहे का?

काजूबोंडू (फोंडा)

नाही. आत्ता परत बघितला. शिक्षा झाली, म्युझिक, संपला. शेवटी ‘सबस्क्राईब करा’.

पेडण्याचा_बाबू

हे मला माहीत नव्हतं. पण तरी मी म्हणतो गोव्यात

साखळीची_बाय

बाबू, वाक्य अर्धंच गेलं तुझं, बरंच झालं. तुझ्या वयाच्या मुलांना आठवत नसेल. मडगावला, फातोर्ड्यात, गुरुकुल नावाने मुलांचा आश्रम होता. फ्रेडी पीट्स चालवायचा तो. समाजसेवक म्हणून केवढा मान होता त्याला. मुलांच्या लैंगिक शोषणासाठी १९९१ मध्ये पकडला, १९९६ मध्ये जन्मठेप. तोवर किती वर्षं तिथे पोदेर जात असेल, दूधवाला जात असेल, सांग बघू. आपल्याकडे २००३ मध्ये वेगळा गोवा बाल कायदा झाला, वेगळं बाल न्यायालय आलं, तो काही आपण फार सुसंस्कृत म्हणून नाही झाला. आपल्याकडे झालं म्हणून झाला.

आता माझं सांगते. मी सदतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, शेवटची काही वर्षं सत्तरी तालुक्यातल्या एका गावात, गावाचं नाव घेत नाही. तिसरीत एक मुलगा होता. आई गेलेली, बापाने दुसरं केलं होतं. बाप देवळाच्या कमिटीवर, जत्रेला पुढे, बोलायला गोड. माध्यान्ह आहारात पावभाजी असायची त्या दिवशी हा मुलगा भाजी खायचा आणि पाव कंपासपेटीत दडपून ठेवायचा. कंपास आणि पट्टी खिशात, पेटीत पाव. मला वाटलं लहान भावंडासाठी नेतो. एक दिवस पेटी उघडली तर त्यात चार दिवसांचे पाव, बुरशी आलेले. मी टाकायला गेले तर पोर असं ओरडलं की शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या. मग शर्ट वर केला तेव्हा पाठ बघितली.

मी १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन केला. सोपं नव्हतं, माझ्या वरच्यांनी सांगितलं घरगुती मामला आहे, बदली हवीय का तुम्हाला. गावातल्या दोघांतिघांनी घरी येऊन समजावलं, बाय, बापाने दोन धपाटे नाही घालायचे तर कोणी घालायचे. पण ज्या दिवशी पोलिसांची गाडी आली ना, त्याच दोघांतिघांनी बापाला मारायला हात उगारले. तेच लोक! एका आठवड्यात ‘बापाचा हक्क’ पासून ‘हात तोडा याचे’ पर्यंत. नंतर महिनाभराने शिमगा आला आणि सगळं विसरले. मुलगा कुठे आहे हे मला त्या गावात एकानेही विचारलं नाही, मी निवृत्त होईपर्यंत.

बाल कल्याण समितीने त्याला आधी बालगृहात ठेवलं, मग त्याच्या मावशीकडे, बार्देशात. मावशीने केलं सगळं, देव तिचं भलं करो, पण पहिलं वर्ष भयंकर गेलं. उशीखाली भाकरी, कपाटात भाकरी, मुंग्यांनी घर भरलं. ती रडत मला फोन करायची, बाय ह्याला पोटभर देते तरी चोरतो. मी काय सांगणार, मी बीएड केलं त्यात हे नव्हतं. एका डॉक्टरणीने तिला सांगितलं की त्याच्या खोलीत एक डबा ठेवा, त्याच्या नावाचा, कधीच रिकामा होऊ द्यायचा नाही, आणि त्याला विचारायचं नाही. मावशीने चिवड्याचा डबा ठेवला. दोन वर्षं भरत होती तो.

आज तो वेर्ण्याला कंपनीत कामाला आहे. बापाची केस लांबत लांबत गेली, शेवटी काय झालं ते मला नीट कळलंही नाही, आणि खरं सांगू, त्यालाही ते विशेष महत्त्वाचं राहिलेलं नाही. बाप आजारी पडला तेव्हा हा बघायला गेला होता. गावातले म्हणाले बघा केवढा मोठ्या मनाचा, तिथेच कोणी म्हणाला लाज नाही वाटत याला. तो मला म्हणाला, बाय, मला फक्त बघायचं होतं की तो केवढा आहे. माझ्या डोक्यात तो खूप उंच होता.

चवथीला येतो माझ्याकडे दरवर्षी. नेवऱ्या (करंज्या) त्याला आवडतात. ताटात आहेत, समोर डबा भरलेला आहे, घरात आम्ही दोघीच म्हाताऱ्या, तरी प्रत्येक नेवरीला विचारतो, ‘घेऊ?’ अजून विचारतो. तर काजूबोंडू, तू विचारलंस खरोखरची बरी होतात का. काम करतो, हसतो, यंदा लग्नाचं बघतायत. आणि विचारतो. याला बरं म्हणायचं की नाही ते तूच ठरव, मला ठरवता आलेलं नाही.

डिचोलीकर

बाय, मी माझी वरची कमेंट काढणार नाही, राग खराच आहे. पण वाचलं सगळं.

मांडवीकाठ

त्या डॉक्टरणीला नमस्कार सांगा.

गोवा_ट्रेंडिंग

टर्पिनची मुलं आता कशी दिसतात बघा!! आधीचे आणि नंतरचे फोटो, नावासकट, लिंक प्रोफाइलमध्ये 👇👇

वकील_म्हापसा

अॅडमिन, ही कमेंट काढा. जी सज्ञान आहेत आणि स्वतःहून कॅमेऱ्यासमोर आली त्यांचं त्यांनी ठरवलं, पण त्यात तेव्हाची लहान मुलं पण आहेत. आणि असलंच इथल्या मुलाबद्दल केलं असतं तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत तुरुंग किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नाव, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही. लोक पीडित मुलाच्या घराचा व्हिडिओ काढून न्याय द्या म्हणून फिरवतात, तो पण गुन्हाच.

(बाय, तुम्ही गावाचं नाव टाळलंत ते किती बरोबर केलंत.)

नवीन_सदस्य_२७

माफ करा मध्येच विचारतो. हे १०९८ चं नाव गुप्त राहतं का? आमच्या बाजूच्या घरात एक मुलगी आहे, आठ-नऊ वर्षांची असेल. शाळेत जाताना दिसत नाही हल्ली. रात्री आवाज येतात. कदाचित काही नसेल पण. घर भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) नात्यातल्यांचं आहे आणि आम्ही त्यांच्याच जागेत राहतो.

पेडण्याचा_बाबू

कर फोन.

नर्स_आहे_मी

खात्री होईपर्यंत थांबू नका. खात्री करायचं काम त्यांचं आहे, तुमचं नाही. तुम्हाला जे दिसलं ऐकू आलं तेवढंच सांगा, वाढवून नको.

वकील_म्हापसा

फुकट आहे, चोवीस तास चालतो, नाव सांगायची सक्ती नाही. घर कुठलं ते नीट सांगा, खूण सांगा, आवाज साधारण किती वाजता येतात ते सांगा. मारहाण आत्ता चालू आहे असं वाटलं तर थेट ११२. शाळेत जात नाही म्हणताय तर शाळा कुठली ते माहीत असेल तर तेही सांगा, तिथून चौकशी सुरू झाली तर तुमच्याकडे बोट जात नाही.

साखळीची_बाय

बाळा, घाबरू नकोस असं मी म्हणणार नाही, मी पण घाबरले होते. मला मेसेज कर, लागलं तर मी करते फोन माझ्या नावाने. माझी आता बदली कोण करणार?

नवीन_सदस्य_२७

देव बरें करूं बाय. नंबर सेव्ह केलाय. ‘गॅस एजन्सी’ म्हणून केलाय, आमच्या घरात सगळे माझा फोन बघतात.